समुद्र दूर, तरी प्रवाळांची मोजदाद : बडोद्याहून जाणाऱ्या हौशी डायव्हरांसाठी

बडोद्याच्या माणसाला भरती-ओहोटी समजावून सांगावी लागत नाही. कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराला एकदा जाऊन आलं की समुद्र पिंडीवर कसा चढतो आणि कसा उतरतो ते डोळ्यांदेखत दिसतं. पण म्हणून प्रवाळ शोधायला खंभातच्या आखातात जाऊ नका. मही, साबरमती, नर्मदा, तापी तिथे इतका गाळ आणून ओततात की पाणी बारा महिने चहाच्या रंगाचं. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला ऊन लागतं. ते गढूळ पाण्यात पोचत नाही, आणि अंगावर बसणारा गाळ झटकण्यातच प्रवाळाची ताकद संपते.

आपल्याला सगळ्यात जवळचा प्रवाळ म्हणजे कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा. जामनगरच्या पुढे वाडीनारजवळ नरारा आहे, आणि जामनगरच्या किनाऱ्यासमोर पिरोटन बेट आहे. १९८२ साली इथला १६२.८९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी राष्ट्रीय उद्यान झाला. इथलं वैशिष्ट्य असं की ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात आणि चालत जाऊन पाहता येतात. म्हणजे पाठीवर सिलेंडर न घेता निम्मं शिक्षण होतं. खरं डायव्हिंग करायचं तर मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, कर्नाटकातलं नेत्राणी, आणि सवड व पैसा असेल तर अंदमान किंवा लक्षद्वीप.

कुठेही गेलात तरी एका डाइव्हमध्ये हाताशी जेमतेम चाळीस मिनिटं असतात. ती वाया जातात ती पाण्यात नव्हे, घरी : कोणत्या रकान्यात काय लिहायचं हे ठरलेलं नसतं, पेन्सिल बांधलेली नसते, दोघांपैकी टेप कोण धरणार यावर बोटीत चर्चा चालू असते. तेव्हा हा लेख बराचसा कोरड्यावरच घडतो.

पद्धत आधी, तिकीट नंतर

हौशी लोकांसाठी जगभर रुळलेल्या पद्धती तीन-चारच आहेत. स्वतःची नवी पद्धत काढायचा मोह टाळा. तुमचे आकडे दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी जुळवता आले नाहीत तर ते तुमच्याच वहीत राहतील.

सगळ्यात सोपी म्हणजे फिरती नोंद. प्रवाळाच्या खडकावर, म्हणजे रीफवर, मोकळं पोहायचं आणि ओळखू आलेल्या प्रत्येक जातीपुढे चारपैकी एक खूण करायची : एकच दिसला, २ ते १०, ११ ते १००, शंभराच्या वर. अमेरिकेतल्या 'रीफ' या संस्थेने १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. हिच्यात क्षेत्रफळ मोजलेलं नसतं, त्यामुळे 'दर चौरस मीटरला किती' हे सांगता येत नाही. पण मासे ओळखायचा हात बसायला हिच्यासारखी दुसरी नाही.

दुसरी कोरल वॉचची रंगपट्टी, क्वीन्सलँड विद्यापीठातून निघालेली. प्रवाळाचा रंग पट्टीवरच्या छटांशी जुळवून त्याची तब्येत जोखायची. नराराला जाणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

तिसरी रीफ चेकची १०० मीटरची रेषा, १९९६ पासूनची : तळावर टेप अंथरायचा आणि त्याच्या आजूबाजूचे प्राणी व खालचा तळ मोजायचा. मेहनतीची आहे, पण चार माणसांचा गट नीट तयार झाला तर आकडे टिकाऊ मिळतात. रीफ लाइफ सर्व्हे ही आणखी एक पद्धत आहे, ५० मीटर रेषेची. तिच्यात दिसलेली प्रत्येक मत्स्यजाती ओळखावी लागते, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं तिच्या वाटेला जाऊ नये हे बरं.

सामान : निम्मं हार्डवेअरच्या दुकानात

पाटी. ३ मिलिमीटर जाडीची पांढरी अ‍ॅक्रिलिक किंवा पीव्हीसी शीट, ए४ च्या निम्मी. नवी शीट गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू पाण्यात भिजवून घासा, चकाकी गेली पाहिजे. रकाने परमनंट मार्करने आखले तर दोन डाइव्हांत पुसट होतात. कंपासच्या टोकाने कोरून आखा. २बी पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासून घ्या, म्हणजे एक टोक तुटलं तर दुसरं असतं, आणि तिला दोऱ्याऐवजी सलाइनच्या नळीच्या तुकड्याने पाटीला अडकवा. नळी गुंतत नाही, आणि पेन्सिल हातातून सुटली तरी पाटीजवळच लोंबते. काम झाल्यावर, आणि पाटीचा फोटो काढल्यावरच, भांड्यांच्या पावडरीने पुसायची.

टेप. बांधकामावर वापरतात तो फायबर ग्लासचा, ५० मीटरचे दोन किंवा १०० चा एक. स्टीलचा नको, एका मोसमात गंजतो आणि कडेने हात कापतो. टेपची डबी उघड्या सांगाड्याची घ्या, बंद डबीत वाळू अडकून टेप आत ओढला जात नाही.

चौकट. तळावर ठेवून आतला किती भाग कशाने व्यापला ते घरं मोजून पाहायला. अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो. एल्बोत पाइप किती आत जातो हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून सोल्युशन न लावता आधी जोडून पाहा आणि आतून आत बरोबर ५० सेंटीमीटर भरेल एवढं कापा. मग चारही पाइपांना दर १० सेंटीमीटरवर आरपार भोक पाडा. ही भोकं दोन कामं करतात : त्यांतून नायलॉनची दोरी ओवली की दोन्ही दिशांना चार-चार दोऱ्या होऊन २५ घरं पडतात, प्रत्येक घर चौकटीच्या ४ टक्के, आणि त्यांतूनच पाइपात पाणी शिरून हवा बाहेर निघते. आणखी सहा-आठ मोकळी भोकं कोपऱ्यांजवळ पाडा. हवा कोंडलेली चौकट पाण्यात वर उसळते आणि तिला दाबून धरणारा डायव्हर गुडघे टेकतो, नेमका प्रवाळावर.

ओळंबा. दोन मीटर बारीक नायलॉन दोरी आणि तिच्या टोकाला एक छोटा नट. सगळ्या सामानात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा. का ते पुढे येईल. दोरी गुंडाळायला उत्तरायणाची जुनी प्लास्टिकची फिरकी झकास चालते. फक्त तिच्यावर मांजाचा एक तारही राहिलेला नसावा. तुटून पाण्यात राहिलेला दोरा खेकडे आणि कासवं दोघांनाही गुंतवतो.

रंगपट्टी मात्र घरी छापू नका. झेरॉक्सच्या दुकानातला रंगीत प्रिंट कितीही हुबेहूब दिसला तरी यंत्रागणिक छटा बदलते, आणि सगळी मोजणी छटेवरच असते. मूळ पट्टीच मागवा, वापर नसताना अंधारात ठेवा, फिकी वाटली की बदला.

तरणतलावातली तालीम

सर्वेक्षणाला जाणाऱ्याने आधी ओपन वॉटर डायव्हरचा कोर्स पूर्ण केलेला असावा; त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पण हे प्रमाणपत्र 'बुडत नाही' एवढंच सांगतं. तळापासून ३०–४० सेंटीमीटरवर आडवं तरंगत, हात न हलवता, लिहिता येणं ही वेगळी कला आहे. कोर्सनंतर किमान १५–२० मजेच्या डाइव्ह झाल्याशिवाय पाटी हातात घेऊ नये. लिहायला लागलं की माणूस श्वास रोखतो, श्वास रोखला की वर जातो, वर गेला की घाईने हवा सोडतो आणि धपकन खाली बसतो. ही साखळी मोडायला सराव हाच इलाज.

लालबागचा किंवा कोणताही महापालिकेचा तरणतलाव या तालमीला पुरतो. सिलेंडर आत नेऊ देतीलच असं नाही. मास्क आणि स्नॉर्केलवरही बहुतेक गोष्टी होतात. गर्दी नसलेल्या बॅचची वेळ आणि तलावाच्या व्यवस्थापकांची रीतसर परवानगी एवढं आधी घ्या, नाहीतर तळाशी टेप पसरलेला पाहून शिट्टी वाजेल.

पहिला खेळ काठ्यांचा. पीव्हीसी पाइपाचे ८, १२, १७, २२, २८, ३२, ४५ सेंटीमीटरचे तुकडे कापा, प्रत्येकावर आतल्या बाजूला क्रमांक लिहा, लांबी लिहू नका. शिशाचं वजन बांधून ते वेगवेगळ्या अंतरावर सोडा. प्रत्येकाने पोहत जाताना अंदाज लिहायचा. पहिल्या फेरीत सगळेच लांबी वाढवून लिहितात. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे २३ सेंटीमीटरचा मासा ३० चा वाटतो. रीफ चेकमध्ये गोब्रा (ग्रुपर मासा) ३० सेंटीमीटरच्या वरचाच मोजतात. म्हणजे ही एक चूक सुधारली नाही तर तुमच्या रीफवर नसलेले गोब्रे पैदा होतात. चार-पाच फेऱ्यांनंतर अंदाज दोन-तीन सेंटीमीटरच्या आत येतो. दोन महिने खंड पडला की पुन्हा बिघडतो, म्हणून प्रत्येक दौऱ्याआधी एकदा हा खेळ हवाच.

दुसरा खेळ जुळणीचा. टेपचे २० मीटर तळावर अंथरा. खाली फरशीचे तुकडे, चमचे, स्पंजचे तुकडे, काथ्याच्या जुड्या वगैरे पसरा आणि कशाला काय म्हणायचं ते ठरवा : चमचा म्हणजे कठीण प्रवाळ, स्पंज म्हणजे स्पंजच, काथ्या म्हणजे शैवाल. दोघांनी एकामागून एक, एकमेकांची पाटी न पाहता, दर अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडून ४० नोंदी करायच्या. बाहेर येऊन बिंदूगणिक ताडून पाहा. ४० पैकी ३६ पेक्षा कमी जुळल्या तर समुद्रात जायची घाई नको. टेपखाली काय होतं यावरून दोन शहाणी माणसं भांडतात ते इथे तलावाच्या काठावर भांडून घ्यावं.

नरारा : पंचांग आणि तक्ता

आजोबांचं पंचांग इथे कामाला येतं. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, पाणी सगळ्यात लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, तेव्हा जाऊन उपयोग नाही. मात्र तिथीने फक्त दिवस ठरतो, तास नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. शिवाय कच्छच्या आखातात आत जावं तशी भरती उंच होते आणि उशिरा येते, त्यामुळे आखाताच्या तोंडावरच्या ओख्याचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून नराराला निघालात तर वेळ चुकेल. नराराजवळच्या सिक्का बंदराचा तक्ता पाहा. ओहोटीचा सगळ्यात खालचा क्षण दिवसाउजेडी येईल असाच दिवस निवडा.

सौराष्ट्राकडच्या रात्रीच्या गाडीने जामनगर, तिथून रस्त्याने साधारण ६० किलोमीटर. प्रवेशाची परवानगी वन विभागाची लागते आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा. वाटाड्याला पैसे वाचवायचं साधन समजू नका. भुसभुशीत चिखल कुठे आणि कडक वाळू कुठे हे त्यालाच ठाऊक असतं. पर्यटकाची पावती म्हणजे अभ्यासाची परवानगी नव्हे, हे गटातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. नुसतं पाहणं, फोटो, रंगपट्टी एवढंच करायचं असलं तरी काय करणार ते लिहून आधी विचारावं. चौकट टाकायची, टेप अंथरायचा किंवा वर्षानुवर्षं त्याच जागी परत यायचं तर लेखी परवानगीशिवाय नाही. दगडात खुंटी ठोकणं तर नाहीच. प्रवाळ हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही त्यात येतो. घरच्या शोकेससाठी काही उचलायचं नाही.

निघायचं ओहोटीच्या दोन तास आधी, उतरत्या पाण्याच्या मागे मागे. पाणी सगळ्यात खाली गेलं की घड्याळ पाहून परत फिरायचं, मग समोर ऑक्टोपस का असेना. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येत नाही, ती मागच्या नाल्यांतून शिरते आणि परतीची वाट आधी बुडवते.

पायात जाड तळव्याचे, नाडी बांधलेले कॅनव्हासचे बूट. सँडल नको, चिखल ओढून घेतो. पाय वाळूच्या पट्ट्यांतून टाकायचा, आणि उचलून ठेवण्यापेक्षा घासत न्यायचा. वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) त्या चाहुलीने सरकतं. पाकटाचा काटा किंवा दगडमाशाचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंश, ३० ते ९० मिनिटं ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. म्हणून गाडीत एक मोठा थर्मास असू द्या, चहाचा वेगळा. पाणी जखमेला लावण्याआधी निरोगी हाताने तपासा. वेदनेत माणसाला भाजल्याचं कळत नाही.

आता पट्टी कशी वापरायची. तिच्यावर बी, सी, डी, ई असे चार रंग आणि प्रत्येकाच्या १ ते ६ अशा सहा छटा. १ सगळ्यात फिकी. प्रवाळाची एक वसाहत निवडा, तिचा सगळ्यात फिका भाग आणि सगळ्यात गडद भाग पट्टीशी जुळवा, 'फिका डी२, गडद डी४' असं लिहा. फांदीदार प्रवाळाची टोकं सोडून द्या, ती वाढती असल्याने मुळातच पांढरी असतात. पुढे प्रकार लिहा : फांदीदार, गोलाकार, थाळीसारखा की मऊ. कच्छच्या आखातात बहुतेक सगळे गोलाकारच भेटतील. एका फेरीत किमान २० वसाहती हव्यात.

चुका इथे ठरलेल्या असतात. आपलीच सावली पट्टीवर पडते आणि नोंद एका छटेने गडद होते. गॉगल काढायचा राहून जातो. प्रवाळावर बसलेला गाळ फिका रंग समजून लिहिला जातो. हाताने हलकेच पाणी ढवळून गाळ उडवा, बोट लावू नका. आणि सगळ्यात मोठी चूक निवडीची : विरलेला, पांढरा पडलेला प्रवाळ डोळ्यात भरतो म्हणून सगळे तोच निवडतात. यावर उपाय म्हणजे ठरवून पाचच पावलं चालायची आणि पायाशी सगळ्यात जवळ असेल तो घ्यायचा, कंटाळवाणा असला तरी.

एका दिवसाच्या आकड्याला तसा अर्थ नाही. त्याच जागी काही आठवड्यांनी सरासरी दोन छटांनी घसरली तर विरंजन, म्हणजे अंगातलं शैवाल गमावून प्रवाळ पांढरा पडणं, सुरू झालं असं म्हणता येतं.

१०० मीटरची रेषा

मालवण किंवा नेत्राणीला जाणाऱ्या गटासाठी. चार जण, दोन जोड्या. खोली ३ ते ६ मीटर ठेवा. रीफ चेकमध्ये २ ते ६ आणि ६ ते १२ असे दोन पट्टे आहेत, सुरुवात उथळ पट्ट्यातच करावी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात परवानगीची चौकशी डाइव्ह चालवणाऱ्यांकडे आणि वन विभागाकडे, दोन्हीकडे करा.

टेप एकाच खोलीने, उताराला आडवा न्यायचा. १०० मीटरवर २०-२० मीटरचे चार तुकडे : ० ते २०, २५ ते ४५, ५० ते ७०, ७५ ते ९५. मधले ५ मीटर सोडून द्यायचे, म्हणजे चार तुकडे चार वेगळे नमुने मानता येतात. टेप दर काही मीटरवर मेलेल्या खडकाच्या कपारीत अडकवा. नुसता सोडला तर लाटेसोबत झुलतो आणि मोजणारा एकदा इकडचं, एकदा तिकडचं लिहितो. टेप अंथरून झाला की सगळ्यांनी १५ मिनिटं बाजूला व्हायचं. ही १५ मिनिटं नवशिक्यांना फुकट वाटतात; टेप अंथरताना जे मासे पळाले ते तेवढ्यात परत येतात.

पहिली जोडी माशांची. रेषेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि वर पाच मीटर, एवढ्याच बोगद्यातले मासे मोजायचे. दर ५ मीटरवर थांबायचं, मोजायचं, पुढे सरकायचं. सगळे मासे नव्हेत, ठरलेलेच : फुलपाखरू मासे, तांबोशीच्या कुळातले, ३० सेंटीमीटरवरचे गोब्रे, २० सेंटीमीटरवरचे पोपट मासे, मोरे जातीच्या वाम आणि आणखी मोजके. मागून येऊन पुढे गेलेला मासा पुन्हा मोजायचा नाही. अडीच मीटर म्हणजे किती हे पाण्यात कोणालाही कळत नाही, म्हणून पाच मीटरच्या दोरीच्या मध्यावर गाठ मारून सुरुवातीला एकदा आडवी धरून पाहायची.

त्यांच्या मागून तीच जोडी किंवा दुसरी, त्याच पट्ट्यात बिनकण्याचे प्राणी मोजते : लांब काट्यांचे समुद्री अर्चिन, समुद्रकाकड्या, शेवंड (लॉबस्टर), राक्षसी शिंपले, काटेरी मुकुटाचा तारामासा. इथे नाक कपारीजवळ न्यावं लागतं. शेवंडीच्या फक्त मिशा बाहेर दिसतात.

शेवटी तळ. इथे थोडं थांबू, कारण हौशी सर्वेक्षणातले बहुतेक आकडे इथेच बिघडतात.

दर अर्ध्या मीटरवर, ०, ०.५, १ असं १९.५ पर्यंत, ओळंबा टेपवरून सोडायचा आणि नट जिथे टेकेल तिथे काय आहे ते लिहायचं. एका तुकड्यात ४० बिंदू, चार तुकड्यांत १६०. ओळंब्याशिवाय हे करणाऱ्याचा डोळा आपोआप जवळच्या प्रवाळाकडे झुकतो, कारण तो बघायलाच आपण एवढ्या लांब आलेलो असतो, आणि वाळूचे बिंदू प्रवाळाच्या खात्यात जमा होतात. नट खोटं बोलत नाही. वर लाट असेल तर नट झुलतो. अशा वेळी तो पहिल्यांदा जिथे टेकला तेच लिहायचं, दुसऱ्यांदा सोडायचा नाही.

आता खाती. कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकताच मेलेला प्रवाळ, खताच्या पाण्यावर माजणारं शैवाल, स्पंज, खडक, चुरा, वाळू, गाळ आणि इतर. विरंजन होऊन पांढरा पडलेला प्रवाळ जिवंत असतो, तो 'कठीण प्रवाळ' म्हणूनच लिहायचा आणि पांढरेपणाची टीप वेगळी करायची. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्या वाट्यांमधून पारदर्शक मांस दिसतं. नुकताच मेलेलाही पांढराच दिसतो, पण त्याच्या वाट्या रिकाम्या, धार कोरीव आणि वर शैवालाची पहिली हिरवट-तपकिरी साय धरू लागलेली. वर्षभरापेक्षा जुना, झिजलेला, शैवालाने माखलेला सांगाडा मात्र 'खडक'. पंधरा सेंटीमीटरपेक्षा मोठा सुटा तुकडा खडक, अर्धा ते पंधरा सेंटीमीटर म्हणजे चुरा, त्याखाली वाळू. वाळू की गाळ हा वाद बोटाने सुटतो : चिमूट उडवा, लगेच खाली बसली तर वाळू, धूर होऊन तरंगत राहिली तर गाळ. चटईसारखे पसरलेले झोअँथिड (फुलासारखे छोटे प्राणी) दिसले तर मऊ प्रवाळाच्या खात्यात, समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन) 'इतर'मध्ये. खडकावर अगदी पातळ शैवाल असेल तर तो खडकच.

काहीच कळलं नाही तर प्रश्नचिन्ह टाका आणि फोटो घ्या. दहा प्रश्नचिन्हं असलेली पाटी, दहा ठाम चुका असलेल्या पाटीपेक्षा लाख पटीने बरी.

हवेचा हिशेब, आणि घाट

नेहमीचं सिलेंडर ११.१ लिटरचं, २०० बार दाबाने भरलेलं. ५० बार राखीव ठेवले तर उरतात १५० गुणिले ११.१, म्हणजे सुमारे १६६५ लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणारा माणूस १० मीटरवर दुप्पट दाबामुळे ४० लिटर घेतो : ४१ मिनिटं. लिहिणं, टेप ओढणं, प्रवाहाशी झगडणं यात तो आकडा सहज २५ वर जातो आणि मग उरतात ३३ मिनिटं. तेच ५ मीटरवर २५ च्या हिशेबानेही ४४ मिनिटं मिळतात. उथळ पट्टा आधी घ्या म्हणण्यामागे हेच गणित आहे. १०० बारला जोडीदाराला खूण करायची, काम कुठेही असो. शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. एका डाइव्हमध्ये मासे आणि तळ दोन्ही उरकायचा हट्ट नको, दोन डाइव्ह करा.

विमानाचा नियम बहुतेकांना पाठ असतो : एकच साधी डाइव्ह असेल तर १२ तास, रोज अनेक असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. विसरतो तो घाट. मालवणहून शेवटची डाइव्ह करून संध्याकाळीच कोल्हापूरमार्गे निघालात तर आंबोलीत सातशे मीटरच्या आसपास चढता, आणि शरीरात विरघळलेल्या, दाब घटला की बुडबुडे होणाऱ्या नायट्रोजनला ते थोडं विमानासारखंच. त्या रात्री खालीच मुक्काम करा किंवा कुडाळहून कोकण रेल्वेने या. बोट चालवणाऱ्याकडे ऑक्सिजनचं किट आहे का आणि जवळचं रिकंप्रेशन चेंबर (या बुडबुड्यांवर उपचार करणारी दाबाची खोली) कुठे, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं असतं; उत्तर देताना जो अडखळतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

त्याच दिवशी कागदावर

पाटीवरचं 'क' होतं की 'ख' होतं, हे दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. जेवायच्या आधी पाटीचा फोटो, मग एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. जीपीएस दशांश अंशांतच लिहा. कोणी अंश-मिनिट-सेकंदात लिहिलं तर पुढच्या वर्षी तुम्ही भलत्याच खडकावर उतराल. रेषेच्या दोन्ही टोकांचे आणि सुरुवातीच्या ठळक खडकाचे फोटो, टेपची दिशा, खोली, पाण्याचं तापमान, दृश्यता. न दिसलेल्या प्राण्यांपुढे शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे 'पाहिलंच नाही' आणि शून्य म्हणजे 'शोधलं, नव्हतं'.

समजा चार तुकड्यांत कठीण प्रवाळाचे बिंदू १२, ७, ११, ८ आले. टक्केवारी ३०, १७.५, २७.५, २०, सरासरी २३.७५. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले ते) सुमारे ६, चार नमुने असल्याने (४ चं वर्गमूळ २) त्याचं निम्मं, म्हणजे सरासरीत साधारण ३ टक्क्यांची हलचल तुमच्या मोजणीतच आहे. पुढच्या वर्षी २१ आले म्हणून प्रवाळ मेल्याची बोंब ठोकू नये, आणि २६ आले म्हणून पेढेही वाटू नयेत. १२ आले तर मात्र फोटो काढून बसा, खाती नीट लागली होती का ते तपासा, आणि तरीही १२ च राहिले तर वन विभागाला आणि सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी कळवा. असे फरक पडतात : १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत पाणी तापून लक्षद्वीपच्या प्रवाळांना विरंजनाचा मोठा तडाखा बसला, आणि आधीचे आकडे होते म्हणूनच तो मोजता आला.

जातींचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना एका नोंदीत एकच प्राणी, तारीख-वेळ कॅमेऱ्यातली तपासलेली. समुद्री नावं वारंवार बदलतात; जुन्या पुस्तकांत 'फॅव्हिया' म्हणून दिलेले इथले कित्येक प्रवाळ आता 'डिप्सास्ट्रिया' आहेत, तेव्हा नाव लिहिण्याआधी वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज पाहून घ्या.

परत आल्यावर टेप गोड्या पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, पूर्ण उलगडून सावलीत वाळवा आणि गुंडाळण्याआधी शेजारी स्टीलचा टेप धरून २० मीटरची खूण ताडून पाहा. फायबरचा टेप ओढून ओढून ताणला जातो. २० मीटरमागे पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तो बागेची आखणी करायला द्या आणि नवा घ्या.